आईच्या आठवणी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून कशा गोळा कराव्यात?

प्रश्न थोडक्यात: आई वैशाखात गेली. तिचं जवळजवळ सगळं आयुष्य डोंबिवलीत गेलं, आधी चाळीत, मग सोसायटीत. नोकरी फोर्टमधल्या एका कचेरीत. वर्षश्राद्धापर्यंत तिच्या मैत्रिणी आणि शेजारी यांच्याकडून आठवणी घेऊन छोटी पुस्तिका करावी असं मनात आहे. पण कुणालाही विचारलं की 'फार प्रेमळ होत्या हो, कधी कुणाला दुखावलं नाही' यापुढे गाडी जात नाही. बाबा या विषयावर बोलतच नाहीत. भाऊ म्हणतो, कशाला उकरून काढायचं. आणि चाळीतल्या एका काकूंशी आईचा कित्येक वर्षं अबोला होता. त्यांच्याकडे जावं का?

उत्तर:

आधी मुद्द्याचं सांगते. 'आई कशी होती?' हा प्रश्न तुमच्या यादीतून काढून टाका. समोर आई गेलेली मुलगी बसली आहे आणि ती असं विचारते आहे म्हटल्यावर कोणतंही भलं माणूस 'देवमाणूस होत्या' असंच म्हणणार. त्यात खोटेपणा नाही, ती आपली रीत आहे. शिवाय 'कशी होती' याचं उत्तर स्वभावाच्या विशेषणांतच देता येतं: मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख. दशक्रियेला घाटावर माईक घेऊन बोलणारेही हेच शब्द वापरतात आणि ते गावातल्या कुणालाही लागू पडतात. तुमची आई त्यांत कुठे सापडत नाही.

गेलेल्या माणसांच्या आठवणी गोळा करून घरच्यांसाठी पुस्तिका तयार करण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे: गुण विचारू नयेत, व्यवहार विचारावा. म्हणजे देणंघेणं, येणंजाणं, रुसणंफुगणं. तुमच्याकडे यायची तेव्हा कुठे बसायची? तुम्हाला काय म्हणून हाक मारायची? तुमच्याकडून काय मागून न्यायची, विरजण, पुरणयंत्र, की पेपर? तुम्ही तिच्याकडे कशासाठी जायचात? कोणत्या गोष्टीवरून तुमचं वाजलं होतं? असं विचारलं की 'प्रेमळ होत्या' म्हणून थांबलेल्या त्याच काकू सांगू लागतात, 'अगं, ती आत येऊन कधी बसायचीच नाही. पदराला हात पुसत दारात उभी राहायची, वेळ नाही म्हणायची आणि अर्धा अर्धा तास उभ्याउभ्याच बोलायची.' इथे तुमची आई दिसते. प्रेमळ हा शब्द न वापरता कळतंही, की कामाचा ढीग मागे ठेवून ती शेजारणीच्या दारात का उभी राहत असेल.

आता कुणाकडे जायचं ते. तुमच्या पत्रात मैत्रिणी आणि शेजारी आहेत, पण एक मोठा गोतावळा राहून गेला आहे. डोंबिवलीहून फोर्टला नोकरी म्हणजे रोजचा लोकलचा प्रवास, आणि लोकलचा प्रवास म्हणजे बायकांच्या डब्यातल्या मैत्रिणी. घरच्यांना या मैत्रिणी बहुधा माहीतच नसतात. एकाच गाडीच्या एकाच डब्यात वर्षानुवर्षं उभं राहून, चौथ्या सीटवर टेकून झालेली ही ओळख. भाजी तिथेच निवडली जाते, डोहाळजेवणं तिथे होतात, संक्रांतीचं वाण तिथे लुटलं जातं, दसऱ्याला डब्याला तोरण लागतं. सासू आणि साहेब यांच्याबद्दल बाई जे घरी आणि कचेरीत बोलू शकत नाही, ते ती ठाण्याच्या पुढे गर्दीत बोलते. एका कुटुंबाला त्यांच्या आजीनं नोकरी सोडायचं दोनदा ठरवलं होतं आणि गाडीतल्या मैत्रिणींनी तिला थांबवलं, हे पुस्तिकेचं काम निघाल्यावर कळलं. आजोबांनाही ते ठाऊक नव्हतं.

या मैत्रिणी शोधणं थोडं कष्टाचं आहे, कारण आडनावं कुणाला माहीत नसतात. त्या एकमेकींना 'ठाकुर्लीची', 'मुलुंडची', 'बँकेतली' अशाच ओळखतात. आईच्या फोनमध्ये नावांपुढे असं काही लिहिलेलं आहे का पाहा. तिचा फोन रीसेट करून कुणाला देऊन टाकला नसेल तर आजच बाजूला काढून ठेवा. जुनी छोटी टेलिफोन डायरी असेल तर ती फोनपेक्षाही उपयोगी, कारण तिच्यात खाडाखोडीसकट कोण कुठून कुठे राहायला गेलं ते दिसतं. एक मैत्रीण सापडली की बाकीच्या ती शोधून देते.

मग भिशीतल्या बायका. भजनी मंडळ असेल तर ते. ब्लाउज शिवणारा शिंपी, ज्याला तिच्या आवडीनिवडी तुमच्याइतक्याच माहीत असतील. वाण्याच्या दुकानातला माणूस, भाजीवाली, घरकामाला येणाऱ्या मावशी. मावशींना कुणी विचारत नाही याचं मला दर वेळी वाईट वाटतं. घरातलं माणूस आजारी असताना, चिडलेलं असताना, एकटं असताना त्यांनी पाहिलेलं असतं आणि त्यांच्यापुढे चांगलं दिसायचा प्रयत्न कुणी केलेला नसतो. मात्र त्यांच्याकडे जाताना तुमच्या घरी बोलावून, खुर्चीवर बसवून विचारू नका. त्यांच्या घरी जा आणि त्यांच्या सवडीनं जा.

क्रम वयाचा ठेवा. सगळ्यांत म्हाताऱ्या व्यक्तीकडे सगळ्यांत आधी. चाळ पाडली तेव्हा तिथली माणसं बदलापूर, टिटवाळा, विरार अशी पांगली असतील. 'दिवाळीनंतर जाऊ' असं करत राहू नका.

आठवण नुसती 'आठवा' म्हटल्यानं येत नाही, तिला खुंटी लागते. ज्या दिवशी काय घडलं ते सगळ्या गावाला आठवतं, असे दिवस वापरा. मुंबई आणि आसपासच्या माणसांना मी हमखास २६ जुलै २००५ बद्दल विचारते. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या बंद झाल्या आणि लाखो माणसं चालत किंवा कुठेतरी अडकून राहिली. 'त्या दिवशी आई कुठे होती, कुणाबरोबर होती, घरी कधी पोचली?' एवढं विचारा आणि गप्प बसा. कुणी सांगेल की ती रुळांवरून चालत आली, कुणी सांगेल की कचेरीतच टेबलं जोडून झोपली, आणि शेजारच्या काकू सांगतील की तुम्हा दोघा भावंडांना त्यांनी त्या रात्री काय जेवायला घातलं. मे १९७४ चा रेल्वे संप, १९८२ मध्ये सुरू झालेला गिरणी संप, १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी एकाच घरात सगळी चाळ रामायण बघायला जमायची ते दिवस, १२ मार्च १९९३ ची ती बॉम्बस्फोटांची दुपार... तुमच्या आईच्या वयाला जे लागू असेल ते घ्या. पुण्याची माणसं असतील तर १२ जुलै १९६१ चा, पानशेत धरण फुटल्याचा पूर, सातारा-कोल्हापूरकडची असतील तर ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. आपल्या माणसाचा तपशील अशा दिवसाला चिकटून राहिलेला असतो.

दुसरी खुंटी वस्तूची. फोटो तर न्याच, पण भांडी जास्त बोलतात. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव घालून देण्याची पद्धत होती, त्यामुळे निम्म्या चाळीचा इतिहास लोकांच्या फडताळांत पडून आहे. एका आजींकडे मी बसले होते आणि त्यांना काही केल्या काही आठवत नव्हतं. त्यांच्या सुनेनं चहाबरोबर चिवडा आणला तो एका पसरट डब्यातून. झाकणावर बारीक टिंबांनी कोरलेलं होतं: गेलेल्या बाईंचं नाव, त्याखाली 'चि. च्या मुंजीनिमित्त' आणि तारीख. टिंबं घासून घासून पुसट झाली होती, तारखेतला महिना बोटानं चाचपूनच कळत होता. आजींनी झाकणावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, 'या मुंजीला तिच्याकडे पैसे नव्हते. हे डबे आम्ही दोघींनी जाऊन भांड्याच्या दुकानातून हप्त्यानं आणले. दुकानदार नावाचे वेगळे पैसे मागत होता, तर ही म्हणाली, नाव छोटं घाला पण घालाच.' पुढचा तासभर त्या थांबल्या नाहीत. म्हणून शेजाऱ्यांना फोन करतानाच सांगून ठेवा, की आईनं दिलेलं काही तुमच्याकडे असेल तर मी आल्यावर दाखवा. वाटी, लोकरीचा स्वेटर, तिच्या अक्षरातली पाककृती, काहीही. आणि हळदीकुंकवाला ती कोणता उखाणा घ्यायची ते प्रत्येकीला विचारा. स्वतःचा नसला तरी मैत्रिणीचा उखाणा बायकांना पाठ असतो.

ध्वनिमुद्रणाबद्दल फार लिहीत नाही. फोन चालतो. आधी विचारून चालू करा, टेबलावर मऊ रुमालावर ठेवा, डोक्यावरचा पंखा आणि टीव्ही बंद करा, कुकर लागला असेल तर शिट्ट्या होईपर्यंत इकडचं तिकडचं बोला. घरी आल्यावर त्याच दिवशी फाइलला नाव आणि तारीख द्या आणि दोन ठिकाणी ठेवा. ऐकून लिहून काढायला तासाभराच्या बोलण्याला चार-पाच तास लागतात, तेवढा वेळ धरून चाला. बोलून टाइप करायची सोय वापरलीत तरी नावं आणि बोलीतले शब्द स्वतः तपासा. आणि कृपा करून कुणाची भाषा 'शुद्ध' करू नका. मालवणी काकूंचं मालवणी, खानदेशातल्या मावशींचं अहिराणी वळण तसंच छापा. तुमच्या आईच्या कानावर रोज तीच भाषा पडत होती.

एका वेळी एकालाच भेटावं असं मी सहसा सांगते, कारण नवराबायको एकत्र बसले की एकच जण बोलतो. मात्र दोन जुन्या शेजारणी एकत्र मिळाल्या तर जरूर बसवा. त्या एकमेकींना दुरुस्त करतात, आणि त्या दुरुस्तीतच सगळा मजकूर असतो.

दोघी दोन तऱ्हेनं सांगतील तेव्हा खरं कोणाचं हे ठरवत बसू नका. दोन्ही लिहा, सांगणाऱ्याच्या नावासकट. ही आपल्या भाषेतली फार जुनी शिस्त आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामी निघून गेल्यावर त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी त्यांच्या आठवणी गोळा करायचं मनावर घेतलं. रिद्धपूरला स्वामींचे पट्टशिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून त्यांना माहीत होत्या तेवढ्या लीळा, म्हणजे स्वामींचे प्रसंग, ऐकून घेतल्या आणि मग स्वामींच्या सहवासात आलेल्या माणसांना ते ठिकठिकाणी जाऊन भेटले. त्यातून लीळाचरित्र उभं राहिलं. मराठीतला आद्य गद्य चरित्रग्रंथ मानतात तो म्हणजे गेलेल्या माणसाबद्दल त्याच्या ओळखीच्यांनी सांगितलेल्या लहान लहान प्रसंगांचा संग्रह आहे. स्वामी कुठे उतरले, काय जेवले, कोणाला काय म्हणाले, कोण रुसलं. त्यात एकाच प्रसंगाचे वेगवेगळ्या सांगणाऱ्यांचे फरकही जपलेले आहेत. पुढे मूळ पोथी धामधुमीत हरवली आणि पाठ असलेल्यांकडून ती पुन्हा उभी करावी लागली, असं महानुभावांची परंपरा सांगते. फाइल दोन ठिकाणी ठेवा असं मी वर म्हटलं ते उगीच नाही. म्हाइंभटांपुढे तर ज्याला ते देव मानत होते तो पुरुष होता, तरीही त्यांनी विशेषणांवर न थांबता प्रसंग मागितले. आईसाठी तुम्हीही तेच मागा.

तुमच्या भावाचं 'कशाला उकरून काढायचं' हे मी घरोघरी ऐकते आणि त्याला मी हलकं लेखत नाही. त्याला आईचा आजार पुन्हा ऐकायचा नसेल. सुतकात भेटायला येणारा प्रत्येक माणूस 'कसं झालं?' विचारतो आणि घरचे तीच हकिगत पुन्हा पुन्हा सांगतात: दुखायला कधी लागलं, कोणत्या डॉक्टरांना दाखवलं, शेवटची रात्र. तेरा दिवसांत ही एवढीच गोष्ट पाठ होते. जगलेली सगळी वर्षं मागे पडतात आणि शेवटचे दोन महिने म्हणजेच आई असं होऊन बसतं. शेजाऱ्यांच्या आठवणींनी ते मागे ढकललेलं आयुष्य परत येतं. टोनी वॉल्टर या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं १९९६ मध्ये हा विचार नीट मांडला. गेलेल्या माणसाला मनातून सोडून देणं म्हणजे दुःखातून सावरणं, ही तोवरची समजूत त्यांनी बाजूला ठेवली. त्या माणसाला ओळखणाऱ्या इतरांशी बोलत बोलत आपण त्याचं एक टिकाऊ चरित्र तयार करतो आणि त्याला आपल्या आयुष्यात जागा देतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी याची एक अडचणही सांगितली आहे: आजकाल घरची माणसं, कचेरीतली माणसं आणि शेजारी एकमेकांना ओळखतच नाहीत, त्यामुळे हे बोलणं आपसूक घडत नाही, मुद्दाम घडवावं लागतं. डोंबिवलीची लोकल डोळ्यांपुढे आणा, म्हणजे पटेल. भावाला तुमच्याबरोबर यायचा आग्रह मात्र करू नका. ज्यात आजाराचा उल्लेखही नाही असं एखादं ध्वनिमुद्रण त्याला पाठवा, शक्यतो ज्यात तो लहान आहे असं.

बाबांना प्रश्न विचारू नका, निदान आत्ता तरी नको. शेजाऱ्यांनी सांगितलेलं त्यांच्या कानावर घाला, तेही एखादी बारीक शंका म्हणून. 'त्या काकू म्हणाल्या आई लग्नानंतर सहा महिने माहेरीच होती, तसं होतं का?' बायकोबद्दल बोलायला न धजणारा माणूस चुकीची माहिती दुरुस्त करायला बोलतो. 'सहा कुठले, तीनच' असं म्हणून ते सुरू होतील. तेवढंच बोलले तर तेवढंच घ्या.

आता अबोल्याच्या काकू. जा. पण सगळ्यांत शेवटी जा आणि एकट्या जा. इतकी वर्षं ज्या बाईशी आई बोलली नाही, तिच्याशी त्याआधी ती किती बोलत असेल याचा विचार करा. साध्या ओळखीच्या माणसाशी कुणी वर्षानुवर्षं अबोला धरत नाही. आधी निरोप पाठवा, 'आईबद्दल जुनं काही सांगायची इच्छा असेल तर मी येते, नसेल तरी राग नाही.' त्या नाही म्हणाल्या तर तिथेच थांबा. हो म्हणाल्या तर भांडण कशावरून झालं ते तुम्ही विचारू नका आणि आईची बाजू मांडायला तर बिलकुल जाऊ नका. भांडणाच्या आधीचं विचारा: ओळख कशी झाली, मुलं लहान असताना कोण कोणाची मुलं सांभाळायचं, नळाला पाणी कधी यायचं. बहुतेक वेळा भांडणाचा विषय त्या आपणहून काढतात. काढला तर ऐकून घ्या. 'बरं झालं सांगितलंत' एवढंच म्हणा. त्यातलं पुस्तिकेत काय जाईल हे नंतर त्यांना विचारून ठरवा. अशा भेटीत बाईला रडू कोसळलं आणि ती 'मी तेराव्यालाही आले नाही' असं म्हणाली, हे मी पाहिलं आहे. त्या वेळी पाण्याचा पेला पुढे करायचा आणि ध्वनिमुद्रण बंद करायचं.

या कामात तुम्हालाही लागेल, त्याची कल्पना आधी असू द्या. आईनं मैत्रिणीला सांगितलेली गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती, हे कळलं की चटका बसतो. तिला पुढे शिकायचं होतं, तिचं एक मूल तुमच्याआधी गेलं होतं, लग्नाआधी दुसरीकडे बोलणी झाली होती, असं काहीही निघू शकतं. 'मला का नाही सांगितलं?' हा राग येतो आणि त्यापाठोपाठ त्या मैत्रिणीचा हेवाही वाटतो. दोन्ही साहजिक आहे. मुलीशी आई म्हणून वागताना बाई काही गोष्टी बाजूला ठेवते आणि त्या कुणापाशी तरी उतरवते. ज्यांच्यापाशी उतरवल्या त्यांचे मी तर आभारच मानेन. अशा भेटीनंतर त्याच आठवड्यात दुसरी भेट ठरवू नका.

कानावर आलेलं सगळं छापायचं नसतं. माझा नियम साधा आहे: ज्यामुळे हयात माणसाची अब्रू जाईल ते पुस्तिकेत नाही, आणि गेलेल्या व्यक्तीनं ज्याला 'कुणाला सांगू नकोस' म्हटलं होतं ते सांगणाऱ्याच्या आणि घरच्यांच्या संमतीशिवाय नाही. ते वेगळ्या वहीत लिहून घरात ठेवा. पण हाच नियम वापरून आईला गुळगुळीतही करू नका. ती घासाघीस करायची, चिडली की दोन दिवस बोलायची नाही, भिशीच्या पैशांत एक रुपयाचीही सूट द्यायची नाही, हे ठेवाच. वाचणाऱ्याला ती त्यातच ओळखू येते. कुणी म्हणालं की तुमच्या आईकडे माझे पैसे राहिले आहेत, तर तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हणू नका. लिहून घ्या, घरी बोला. आठवणींची भेट आणि हिशेबाची भेट वेगळी ठेवा.

व्हॉट्सॲपवर आवाहन टाकून आठवणी मागवायचा विचार असेल तर गटात टाकू नका. गटात पहिल्यानं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं की पुढचे सगळे तेच लिहितात. एकेकाला स्वतंत्र निरोप पाठवा, एकच प्रश्न विचारा आणि लिहिण्याऐवजी बोलून पाठवायला सांगा. परदेशात गेलेली चाळीतली मुलं अशीच गाठता येतात. त्यांना तुमची आई 'काकू' म्हणून आठवते, आणि काकू म्हणून ती तुम्ही कधीच पाहिलेली नाही. आलेले आवाजी निरोप लगेच उतरवून घ्या. फोन बदलला की ते हमखास हरवतात.

पुस्तिकेच्या रचनेत जन्मापासून मृत्यूपर्यंत असा क्रम लावायचा मोह टाळावा असं मला वाटतं. जागेनुसार लावा: चाळ, गाडी, कचेरी, सोसायटी, माहेर. सांगणाऱ्याचं नाव आणि आईशी नातं प्रत्येक आठवणीच्या वर द्या. वाचणारी बरीच माणसं सत्तरीपुढची असतील, म्हणून अक्षर चौदा पॉइंटच्या खाली नको. फोटो स्कॅन करताना निदान ३०० डीपीआय ठेवा, पासपोर्टएवढे छोटे असतील तर ६००. फोटोतल्या प्रत्येकाचं नाव डावीकडून उजवीकडे लिहा, कारण दहा वर्षांनी ते सांगायला कुणी नसेल. पानांची संख्या सोळाच्या पटीत बसवलीत तर छापखान्यात सोयीचं जातं. अठ्ठेचाळीस पानं पुष्कळ झाली. छापायला देण्याआधी प्रत्येकाला त्याचा मजकूर वाचून दाखवा. म्हाताऱ्या माणसांना फोनवर नको, समोर बसून.

तारखेचं बघून घ्या. वर्षश्राद्ध तिथीनं येतं, त्यामुळे इंग्रजी तारखेच्या काही दिवस मागेपुढे होईल. छापखान्याला त्याआधीची महिनाभराची सवड द्या. तिथीला पुस्तिका हातात आली नाही तरी बिघडत नाही. घाईनं निम्म्या लोकांना वगळून काढण्यापेक्षा पितृपक्षात किंवा तिच्या वाढदिवसाला काढा. प्रती वाटताना ज्यांनी आठवणी दिल्या त्यांना पहिल्या द्या, नातेवाइकांना नंतर. मावशींना आणि भाजीवालीलाही द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याकडे जाऊन त्यांचं पान वाचून दाखवा.

वाटप झाल्यावर पंधरा दिवस फोन वाजत राहील. 'हिनं हे सांगितलं, पण मी तिथे होते, खरं असं झालं' म्हणून ज्या बायका आधी चार वाक्यांत आटोपल्या होत्या त्याच भरभरून बोलतील. तेव्हा पुस्तिका झाली म्हणून वही मिटवून ठेवू नका. तारीख घालून लिहीत राहा आणि संगणकावरची मूळ फाइल छापखान्याकडून मागून घेऊन स्वतःजवळ ठेवा.